किडनीचा दाह: लघवीच्या बाटलीपासून समजून घ्या

गेली २४ वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीच्या स्लाइड बघते आहे. मी डॉक्टर नाही. निदान करणं किंवा औषध ठरवणं हे माझं काम नाही. पण किडनीच्या दाहाची पहिली खूण बहुतेक वेळा जिथे उमटते, त्या स्लाइडवर रोज माझाच डोळा असतो. आणि एकदा ती खूण माझ्या घरात उमटली होती तेव्हा मला ती ओळखता आली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या धाकट्या बहिणीला घसा दुखून ताप आला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. दुखत मात्र काहीच नाही." मी म्हटलं, तापात पाणी कमी पडलं असेल, भरपूर पाणी पी. दोन दिवसांत रंग नेहमीसारखा झाला आणि आम्ही दोघीही ते विसरून गेलो. आठ महिन्यांनी डोकं सारखं दुखतं म्हणून तिनं बीपी मोजून घेतलं, तर १६०/१००. वय ३१. मग लघवी तपासली: प्रोटीन तीन प्लस, लाल पेशी भरपूर. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा, १.२. तिच्या किडनीला दाह होता आणि तो त्या कोऱ्या चहाच्या सकाळीही होता.

दुखत नव्हतं, आणि रंग आपोआप गेला. या दोन गोष्टींनी मला फसवलं. पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा: या आजारात वेदना येईल आणि मग आपल्याला कळेल, असं होत नाही. तो शोधावा लागतो.

आधी "सूज" या शब्दाचा घोळ

"किडनीला सूज आली आहे" हे वाक्य आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. खडा अडकला की लघवी मागे तुंबते, किडनी फुगते, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ते दिसतं. त्यालाही लोक सूजच म्हणतात. ती तुंबण्याची सूज आहे. अडथळा काढला की बहुतेकदा उतरते.

दुसरा प्रकार म्हणजे जंतूंचा संसर्ग मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढणं. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, लघवीला जळजळ. याला अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं.

मी इथे लिहिते आहे ते तिसऱ्याबद्दल: नेफ्रायटिस. यात बहुतेक वेळा जंतू किडनीत नसतातच. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा किडनीच्या गाळण्यांवर उलटते, किंवा तिच्या लढाईचा कचरा त्या गाळण्यांत अडकतो. म्हणून मी दाह हा शब्द धरून चालते. सोनोग्राफीत असा दाह झालेली किडनी पुष्कळदा अगदी ठाकठीक दिसते. "सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे किडनी चांगली" असं म्हणून निश्चिंत झालेले कितीतरी लोक मी पाहिलेत. सोनोग्राफी किडनीचा आकार सांगते. गाळणी गळते आहे का, हे लघवी सांगते.

गाळणीत काय बिघडतं

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंतलेला गुच्छ. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, आणि दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी या गुच्छांमधून गाळलं जातं. त्यातलं जवळपास सगळं पुढच्या नळ्या परत शोषून घेतात. उरलेलं दीड-दोन लिटर आपण लघवी म्हणून टाकतो.

चांगली गाळणी दोन गोष्टी पलीकडे जाऊ देत नाही: रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं. दाह झाला की जाळी सैल पडते, फाटते. मग लाल पेशी निसटतात आणि प्रथिनं झिरपतात. दाह लांबला की त्या जागी वण धरतो. वण धरलेली गाळणी पुन्हा काम करत नाही, आणि नवी गाळणी आयुष्यात कधीच तयार होत नाही. तिच्या वाटणीचं काम उरलेल्या गाळण्यांवर पडतं, त्यांच्यातला दाब वाढतो, आणि त्याही झिजू लागतात. म्हणजे मूळ दाह शांत झाल्यावरही झीज चालू राहू शकते. डॉक्टर बीपीच्या आणि प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्यांचा इतका आग्रह का धरतात, त्याचं उत्तर या साखळीत आहे.

दाह गाळण्यांमध्ये न होता नळ्यांच्या आजूबाजूच्या भागातही होऊ शकतो. त्याचं ठळक कारण औषधं. वेदनाशामक गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, आणि ज्या निरुपद्रवी समजून लोक वर्षानुवर्षं घेतात त्या ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यासुद्धा. असा दाह वेळेत ओळखून औषध थांबवलं तर किडनी बऱ्याचदा सावरते.

घरी काय पाहायचं

पहिला, रंग. फिकट गुलाबी, मांस धुतलेल्या पाण्यासारखा, कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा. गाळणीतून आलेलं रक्त तांबूस-तपकिरी दिसतं, त्यात सहसा गुठळ्या नसतात आणि दुखत नाही. बीट खाल्ल्यावर किंवा क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनमुळेही रंग बदलतो, पण हे घरी ठरवत बसू नका, बाटली लॅबमध्ये आणा.

घसादुखी आणि रंग यांच्यात किती दिवसांचं अंतर होतं, हे लिहून ठेवा. घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत लघवी लाल झाली तर डॉक्टरांच्या मनात आधी येतो तो आयजीए नेफ्रोपथी हा आजार. घसा बरा होऊन एक-दोन आठवडे गेल्यावर, किंवा त्वचेवरच्या पुळ्या बऱ्या होऊन तीन-सहा आठवड्यांनी लघवी लाल झाली, लहान मुलाचा चेहरा सुजला, तर स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतरचा दाह असण्याची शक्यता वाढते. मुलांमध्ये हा दुसरा प्रकार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पहिला वर्षानुवर्षं सोबत राहतो. एका तारखेनं डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. माझ्या बहिणीनं मला अंतर सांगितलं होतं, ऐकणाऱ्या कानांनी ते नीट ऐकलं नाही.

दुसरा, फेस. जोरानं धार पडली की थोडे बुडबुडे सगळ्यांनाच येतात आणि मिनिटभरात विरतात. रोज, प्रत्येक वेळी, पाणी सोडल्यावरही टिकणारा दाट बारीक फेस असेल तर प्रोटीन तपासायला हवं.

तिसरी, सूज. सकाळी पापण्या जड, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा राहिला तर तिथे पाणी साठलं आहे.

आणि बीपी. तिशीच्या आतबाहेरच्या माणसाचं बीपी वाढलेलं निघालं तर नुसती गोळी सुरू करून थांबू नका, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा. लघवीची ही तपासणी त्या कोऱ्या चहाच्या सकाळीच झाली असती तर माझ्या बहिणीचे आठ महिने वाचले असते.

नमुना द्यायचा कसा

हे माझं रोजचं क्षेत्र आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. चुकीच्या नमुन्यावरून बरोबर रिपोर्ट देता येत नाही.

शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठल्यामुळे ती दाट आणि आम्लधर्मी असते, आणि ज्या गोष्टी आम्ही शोधतो त्या तिच्यात टिकून राहतात. आधी जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या. बाटली लॅबनं दिलेलीच वापरा. घरातली धुतलेली बाटली नको, साबणाचा अंश राहिला तरी तपासणी बिघडते. पाळी चालू असेल तर चार-पाच दिवस थांबा. आदल्या दिवशी खूप धावणं किंवा जड व्यायाम झाला असेल, अंगात ताप असेल, तर तेही सांगा, कारण त्यानं तात्पुरतं प्रोटीन आणि लाल पेशी येऊ शकतात.

आणि कृपा करून बाटली दोन तासांच्या आत पोहोचवा. लघवी तशीच पडून राहिली की पेशी फुटतात आणि "कास्ट", म्हणजे किडनीच्या नळ्यांतून आलेले सूक्ष्म साचे, विरघळतात. दाह पकडून देणारा तोच सगळ्यात मोलाचा पुरावा असतो, आणि तो गाडीच्या डिकीत नाहीसा होतो.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. समजा सकाळी सात वाजता सुरुवात करायची आहे. सात वाजताची लघवी टाकून द्यायची. तिच्यानंतरची प्रत्येक लघवी, दिवसाची, रात्रीची, सगळी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवीही त्याच कॅनमध्ये घालायची आणि तिथे संपवायचं. मध्ये एकदा जरी चुकून बाहेर गेली तरी लपवू नका, सांगा. आम्ही रागावत नाही, पुन्हा कॅन देतो.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर आधी प्रोटीन किंवा अल्ब्युमिन बघा. ट्रेस, एक प्लस, दोन प्लस असं लिहिलेलं असतं. एक प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन प्लस १००, तीन प्लस ३००. पण हे मोजमाप पाण्यावर अवलंबून आहे. तुम्ही दोन लिटर पाणी पिऊन आलात तर तेच प्रोटीन पातळ होऊन ट्रेस दिसेल. म्हणून प्लसवर थांबायचं नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर मागा, रिपोर्टवर त्याला एसीआर म्हणतात. ते दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असायला हवं. ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन जायला लागलं की त्याला नेफ्रोटिक पातळी म्हणतात.

मी शिकत असताना, प्रोटीन किंवा रक्त असेल तर रंग बदलणारी तपासणीची पट्टी लघवीत बुडवण्याआधी, आम्हाला उष्णतेची चाचणी करायला लावत. परीक्षानळीत लघवी घ्यायची, वरचा भाग ज्योतीवर तापवायचा. गढूळ झाली तर ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी १८२७ साली अंग सुजलेल्या रुग्णांच्या नोंदी छापल्या, तेव्हा त्यांच्याकडे हेच साधन होतं: चमच्यात लघवी आणि खाली मेणबत्ती. सुजलेलं अंग, गोठणारी लघवी आणि मृत्यूनंतर दिसलेली खराब किडनी यांची सांगड त्यांनी घातली. नेफ्रायटिसला पुढे शंभरहून जास्त वर्षं "ब्राइटचा आजार" म्हणत होते. नळीतलं ते पांढरं धुकं एकदा डोळ्यांनी पाहिलं की "प्रोटीन तीन प्लस" हे शब्द कोरडे राहत नाहीत. त्या माणसाच्या रक्तातलं प्रथिन वाहून चाललं आहे.

त्याखाली "आरबीसी" म्हणजे लाल पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात दोन-तीनपर्यंत ठीक. त्याहून जास्त असतील तर त्या कुठून आल्या हा खरा प्रश्न आहे. खड्यामुळे किंवा मूत्राशयातून आलेल्या पेशी गोल, नीटस दिसतात. गाळणीच्या फटीतून पिळवटून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या होतात, काहींच्या कडेला फुगे आलेले असतात. पेशी एकसारख्या आहेत की वेड्यावाकड्या, हे लिहायला डॉक्टरांनी सांगितलं तर आम्ही मुद्दाम बघतो. तुम्हीही चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि कास्ट. कास्ट म्हणजे साचा. किडनीच्या नळ्यांत एक चिकट प्रथिन पाझरतं, नळीच्याच आकारात थिजतं आणि बारीक दंडगोल होऊन बाहेर पडतं. नुसते पारदर्शक साचे निरोगी माणसातही मिळतात. पण साच्यात लाल पेशी अडकलेल्या असतील तर त्या किडनीच्या आतूनच आल्या, याबद्दल शंका उरत नाही. स्लाइडवर असा तांबूस दंडगोल दिसला की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, डॉक्टरांना फोन करते.

पट्टीवर रक्त दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नाहीत, असंही होतं. तेव्हा स्नायू फुटून आलेलं मायोग्लोबिन किंवा फुटलेल्या रक्तपेशींचं हिमोग्लोबिन असू शकतं. ती वेगळी वाट आहे.

क्रिएटिनिन आणि त्याचा दिलासा

बहिणीचं क्रिएटिनिन १.२ होतं. बऱ्याच रिपोर्टांवर हा आकडा मर्यादेच्या आत किंवा अगदी काठावर छापून येतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे एकच आकडा दोघांना एकच अर्थ सांगत नाही. ३१ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर २०२१ च्या सूत्रानं त्याच्या किडनीचा गाळण्याचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, साधारण ८३ येतो. त्याच वयाच्या बाईचा ६२. म्हणजे छापील मर्यादेच्या आत असलेल्या आकड्यामागे माझ्या बहिणीचं एक तृतीयांश काम गेलेलं होतं.

ईजीएफआर ९० च्या वर चांगला, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर दीर्घकालीन किडनी आजार, १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची बोलणी. पण ९५ असूनही लघवीत प्रोटीन आणि रक्त येत असेल तर आजार आहेच, फक्त अजून वेळ हातात आहे.

दाह कशामुळे, हे शोधायला रक्ताच्या बऱ्याच तपासण्या लिहून देतात आणि यादी बघून लोक घाबरतात. सी३ आणि सी४ रोगप्रतिकारक यंत्रणेतली प्रथिनं; लुपसमध्ये (हीच यंत्रणा शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार) बहुतेकदा दोन्ही कमी होतात, स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या दाहात मुख्यतः सी३. स्ट्रेप्टोकोकसच्या दाहात सी३ साधारण सहा-आठ आठवड्यांत परत वर येतं, नाही आलं तर डॉक्टर निदान पुन्हा तपासतात. एएनए लुपससाठी, एएनसीए रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हेही किडनीचा दाह करू शकतात, म्हणून त्यांच्याही तपासण्या होतात. यात तुमच्या चारित्र्यावर कुणी शंका घेत नाही.

बायोप्सीची भीती

मूळ प्रकार ठरवायला बऱ्याचदा किडनीचा तुकडा लागतो. सुईनं किडनीची बायोप्सी करण्याची पद्धत १९५१ साली कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी प्रसिद्ध केली. तोवर दाहाचे प्रकार डॉक्टरांना प्रामुख्यानं मृत्यूनंतरच कळत. १९६८ साली पॅरिसमध्ये झाँ बेर्जे यांनी चमकणारी रसायनं वापरून बायोप्सीचे काप पाहिले आणि गाळण्यांत आयजीए नावाचं प्रतिपिंड साचलेलं दाखवलं. माझ्या बहिणीचा आजार तो हाच. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो निश्चित ओळखता येत नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं: पालथं झोपवतात, सोनोग्राफीनं जागा बघतात, ती बधिर करतात. श्वास धरायला सांगतात, खटकन आवाज येतो, काडेपेटीतल्या काडीहून बारीक धागा निघतो. नंतर बराच वेळ सरळ पडून राहायचं, बीपी आणि लघवीचा रंग बघत राहायचं. थोडं रक्त काहींना जातं, क्वचित जास्त जातं, म्हणून त्या दिवशी निगराणी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि बंद कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा. रिपोर्ट आल्यावर एक प्रश्न नक्की विचारा: यात चालू दाह किती आणि जुना वण किती? दाह औषधानं विझतो. वण राहतो. किती आशा धरायची, हे त्या उत्तरावरून कळतं.

बाकीच्या शरीरावर

किडनी बिघडली की हृदय ओढलं जातं. मीठ-पाणी साठून बीपी चढतं, हृदयाची भिंत जाड होते. डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधी हृदयविकारानं गाठलेले किडनीचे रुग्ण कमी नाहीत, म्हणून तंबाखू सोडणं आणि कोलेस्टेरॉल सांभाळणं किडनीच्याच उपचारात मोजा. लाल रक्तपेशी तयार करायला लागणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच बनवते, त्यामुळे पुढे रक्त कमी होतं आणि जिना चढताना दम लागतो. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप किडनी देते, ते अडलं की हाडं ठिसूळ होतात. पोटॅशियम बाहेर पडेनासं झालं तर हृदयाची लय बिघडू शकते.

खूप प्रोटीन जात असेल तर रक्ताच्या गुठळ्या धरतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो नेहमीच्या सुजेत धरू नका.

मूल हवं असणाऱ्या बायकांनी हे आधीच बोलावं. बीपी ताब्यात आणि दाह शांत असताना अनेकींची बाळंतपणं नीट होतात, पण काही गोळ्या गर्भाला घातक आहेत आणि त्या आधी बदलाव्या लागतात.

औषधं आणि वही

रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या बीपीच्या म्हणून ओळखल्या जातात. किडनीच्या दाहात त्यांचं दुसरं काम मोठं आहे: गाळणीच्या आतला दाब कमी करून प्रोटीनची गळती रोखणं. म्हणून बीपी १२०/८० असलं तरी डॉक्टर त्या देऊ शकतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेकदा अपेक्षित असते, पण रिपोर्टवरचा वाढलेला आकडा बघून घाबरून गोळी स्वतःच बंद करणारे फार. आकडा डॉक्टरांना दाखवा, तेच ठरवतील. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर मात्र त्याच दिवशी फोन करून विचारा, ही गोळी काही दिवस थांबवू का.

दाह विझवायला स्टेरॉइड दिलं तर ते सकाळी, खाऊन घ्यायचं आणि कधीही अचानक बंद करायचं नाही. शरीर आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं, एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. भूक वाढते, झोप उडते, चेहरा गोल होतो, साखर चढते. चेहऱ्याच्या गोलाईमुळे बहिणीनं आरशात बघणं सोडलं होतं. डोस उतरला तसा चेहराही उतरला.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही मोजायचं. मीठ जास्त असलं की वरच्या गोळ्या नीट काम करत नाहीत. पाणी सगळ्यांना "भरपूर" लागत नाही. सूज असेल तर कमी करावं लागतं, म्हणून मापही विचारूनच घ्या. मी फोनवर दिलेला सल्ला म्हणूनही चुकीचा होता.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका. वनस्पतीची म्हणून निर्धोक, हा समजही सोडा. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या मिश्रणांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती गेली, आणि अनेक तरुण बायकांच्या किडन्या निकामी झाल्या.

वही करा. साधी, उभ्या रेघांची. तारीख, बीपी, वजन, लघवीचं गुणोत्तर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, चालू डोस. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, मोजताना बोलू नका. वजन सकाळी, लघवी झाल्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. एका रिपोर्टवर आनंद किंवा शोक करण्याऐवजी पाच-सहा नोंदी एका ओळीत बघा, आणि डॉक्टरांपुढे पिशवीभर कागद ओतण्याऐवजी ही वही उघडा.

लघवी दिवसभरात एकदम कमी झाली, क्रिएटिनिन दिवसागणिक चढतंय, थुंकीतून रक्त येतंय, आडवं पडल्यावर दम लागतोय, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दाहाचा एक झपाट्याचा प्रकार दिवसांत-आठवड्यांत किडनी संपवतो, आणि त्यात उपचाराचा एकेक दिवस मोजला जातो.

बहिणीच्या वहीत आता नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. क्रिएटिनिन १.२ वरून १.३, गाळण्याचा वेग ६२ वरून ५३, प्रोटीन दिवसाला दोन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्या खाली. दर तीन महिन्यांनी ती सकाळी बाटली घेऊन येते, अर्ध्या तासाच्या आत, झाकण घट्ट लावून. तिची स्लाइड मी बघत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी बघते, कारण तिला काय दिसावं याबद्दल काहीच वाटत नसतं. मी तेवढा वेळ दुसऱ्या कुणाची तरी बाटली उघडते आणि ती मान वर करायची वाट बघते.